दारूच्या आधीचा साम्पो

कोइवुपेल्तो, कायनू
१८ जानेवारी २००९

राइली आत्या,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी चष्मा शोधला असशील आणि मग खुर्ची. हो, मीच. सात वर्षं एक ओळ लिहिली नाही आणि आता पानंच्या पानं लिहिणार आहे, तेव्हा कॉफी घेऊन बस.

बाबांनी तुला सांगितलं असेल की साम्पो जरा विश्रांतीला गेलाय. विश्रांती कसली, व्यसनमुक्तीचं घर आहे हे. एक जुनी शेतवाडी, भोवती भूर्जाची झाडं, मेंढ्या, कोंबड्या आणि आम्ही. फोन दारातच काढून घेतात, पत्रांना मुभा आहे. सकाळी मेंढ्यांना चारा, मग गोल बसून बोलणं, मग लाकडं फोडणं, मग पुन्हा गोल बसून बोलणं. बोलण्यापेक्षा मला लाकडं परवडतात.

आमच्या मुख्य बाई तेल्लेर्वो. साठीच्या, आवाज कधी चढत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. त्यांनी परवा प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. ‘मी कसा आहे, यावर एवढं पान भरून आणा.’ माझ्या खोलीत यूसो नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, वान्ता शहरातला, नशेच्या गोळ्यांपायी इथे आलेला. त्याने जेवणाच्या आत पान भरलं, वर चित्रंही काढली. मी एक वाक्य लिहिलं, ‘मी विनोदी आहे’, आणि खोडलं. कारण ते माझं नव्हे, दारूचं. मग कागद तसाच परत दिला.

इथे सगळे कारण विचारतात. माझ्याकडे कारण नाही गं. कोणी मारत नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, घरी गरम जेवण होतं. चौदाव्या वर्षी जूनमधल्या युहान्नुसच्या सणाला तळ्याकाठी शेकोटी पेटली होती, कोणाच्या तरी मोठ्या भावाने बाटली आणली होती. दोन घोट घेतले आणि छातीतला चिमटा सुटला. मी बोलायला लागलो. पोरं हसली, पोरीही हसल्या. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी ‘तो साम्पो’ झालो होतो, आणि पुढची दहा वर्षं तोच राहिलो. दारू पुरेना तेव्हा बाकीचंही आलं.

पण त्याच्या आधी कोण होतं? मला खरंच आठवत नाही. आईला विचारलं तर म्हणते, ‘फार गुणी होतास.’ बाबा म्हणतात, ‘झालं गेलं सोड.’ तुझ्याकडे मी सहाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात यायचो, आणि तू तोंडावर बोलणारी बाई. दारूच्या आधीचा साम्पो कसा होता, ते सांग. गोड करून नको.

तुझा,
साम्पो


हार्मासारी
२७ जानेवारी २००९

साम्पो बाळा,

चष्मा नाकावरच होता. खुर्ची मात्र लागली.

एस्को मला विश्रांतीच म्हणाला. तुझ्या बापाला मी पाळण्यात असल्यापासून ओळखते, त्याने ‘विश्रांती’ म्हटलं की मी समजायचं ते समजते. पण विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं म्हणजेच माया, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

इकडे खाडी गोठली आहे. माझी फेरीबोट दोराच्या आधाराने बर्फ कापत या काठावरून त्या काठावर जाते, दिवसभर कडाकडा आवाज. या हिवाळ्यात गाड्या थोड्याच, त्यामुळे मला आठवायला वेळ आहे.

तर ऐक. तू गप्प होतास. म्हणजे इतका गप्प की पहिल्या उन्हाळ्यात फेरीवरचे लोक मला विचारायचे, ‘पोराला ऐकू येतं ना?’ सकाळी माझ्याआधी बूट घालून दारात उभा. मग दिवसभर माझ्या केबिनमध्ये, तारेच्या चाकाकडे बघत. लोखंडी दोर पाण्यातून वर येतो, चाकावरून जातो, पुन्हा पाण्यात. एवढंच, पण तुला पुरायचं. दुपारी नवे बटाटे, शेपू आणि खारवलेला हेरिंग मासा. बटाट्याची साल तू काट्याने इतकी हळू सोलायचास की माझं जेवण होऊन भांडी घासून व्हायची. संध्याकाळी सौना, गरम वाफेची न्हाणी. बाहेर आलास की पायरीवर टॉवेलात बसायचास, अंगातून वाफा निघायच्या, आणि समुद्र असा की पाण्यावर रेघसुद्धा नाही. तेव्हा तू कधीकधी एखादा प्रश्न विचारायचास. ‘आत्या, मासे झोपतात का?’ मी उत्तर द्यायचे. तू त्यावर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत विचार करायचास.

गोड नको म्हणालास, तर हेही घे. तुला हरणं सोसायचं नाही. शेजारच्या हेन्रिकने पत्त्यांत हरवलं म्हणून तू त्याचे नवे बूट धक्क्यावरून पाण्यात टाकलेस, आणि त्याची आई आली तेव्हा चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. आणि थापा मारायचास. नऊ वर्षांचा असताना हेलसिंकीच्या एका बाईला सांगितलंस की फेरी इंजिनावर चालत नाही, खाली पाण्यात एक म्हातारा मासा आहे, तो दोर ओढतो. आणि आज त्याची तब्येत बरी नाही. इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलंस की तिची छोटी रडायला लागली. मी तुला फार रागावले होते.

असा होतास. गप्प, सावकाश, हट्टी, अधूनमधून खोटारडा. मला फार आवडायचास.

लोकरीचे मोजे पाठवतेय. कायनूत थंडी कशी असते ते मला माहीत आहे.

आत्या


कोइवुपेल्तो
११ फेब्रुवारी २००९

आत्या,

मोजे मिळाले. एक जोड यूसोने पळवली, म्हणतो तुझी आत्या म्हणजे माझी आत्या.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. राग मानू नकोस, पण मला काहीतरी वेगळं हवं होतं. मला वाटलं, तू म्हणशील की तू धीट होतास, तुला चित्रं छान यायची, असं काहीतरी. जे मी दहा वर्षांत हरवलं आणि आता जाऊन उचलून आणायचं. तू काय दिलंस, तर बटाटे सोलणारा मुका पोरगा. म्हणजे दारू काढून घेतली की खाली हे उरतं.

तेल्लेर्वोबाई म्हणतात, ज्या वयात माणूस प्यायला लागतो, त्या वयातले काही धडे राहून जातात. पोरीला नाचायला विचारताना पाय कापणं, कंटाळा आला तर कंटाळत बसणं, भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोर जेवायला बसणं. हे सगळं पोरं चौदा ते वीस या वयात रडतखडत शिकतात. मी तिथे बाटली घेऊन आडवाटेने पुढे गेलो. त्यामुळे आता मी दाढी असलेला चौदा वर्षांचा मुलगा आहे. काल भांडी कोणी घासायची यावरून एका म्हाताऱ्याशी भांडलो आणि खोलीत जाऊन रडलो. आज सकाळी लापशी खाताना तो समोर होता, आणि मला सगळं शब्दन्‌ शब्द आठवत होतं. पूर्वी असं काही लक्षातच राहायचं नाही, त्याची एवढी सोय होती!

पीयाबद्दल तुला कोणी सांगितलं नसेल. ओउलू शहरात आम्ही दोन वर्षं एकत्र राहिलो. मागच्या वसंतात मी आपलं आपण पिणं थांबवून बघितलं. काही आठवड्यांनी ती म्हणाली, ‘साम्पो, तू कपाटासारखा बसतोस रे. घरात कोणी आहे असंच वाटत नाही.’ वाईट मनाने नाही म्हणाली. मी त्या संध्याकाळी प्यायलो आणि तिला हसवून हसवून लोळवलं. पुढे माझ्या पिण्याला कंटाळून ती गेलीच. मी तिला दोष देत नाही. तिला जो आवडला होता तो मलाही आवडायचा.

आणि आत्या, तू चलाखी केलीस. चौदाव्या वर्षाच्या आतच थांबलीस. मी सतरा वर्षांचा असताना पोरांना घेऊन बोटीने तुझ्याकडे आलो होतो, तो उन्हाळा गाळलास. धक्क्यावर मी बोलत होतो आणि तू टाळ्या वाजवून हसत होतीस. तुलाही तोच साम्पो आवडला होता. खरं की नाही?

साम्पो


हार्मासारी
१ मार्च २००९

साम्पो,

गाळला, कारण तू ‘दारूच्या आधीचा’ विचारलास. आता विचारतोस तर ऐक.

हो, हसले. पोट धरून हसले. तू आमच्या पाद्रीबुवांची नक्कल केलीस, मग रस्ता समितीच्या अध्यक्षांची, मग दोघांचं भांडण लावलंस. त्या आठवड्यात माझ्या अंगणात जितकं हसू झालं तितकं त्याआधी आणि त्यानंतर कधी झालं नाही. खोटं कशाला सांगू? फार गमतीचा होतास.

पण मला सकाळही आठवते. मी ब्लूबेरी घालून लापशी केली होती. तू टोपी डोळ्यांवर ओढून बसला होतास. मला अजून हसू फुटत होतं, म्हणून मी तुझाच अध्यक्षांचा विनोद तुला म्हणून दाखवला. तू मान वर करून बघितलंस. तुला काही आठवत नव्हतं. माझं हसणं बाकी होतं आणि ज्याच्याबरोबर हसायचं तो माणूसच जागेवर नव्हता. मग मी भांडी घासायला उठले.

एक गोष्ट मात्र तुझ्या डोक्यात उलटी बसली आहे. मागच्या आठवड्यात धुकं होतं, काठ दिसत नव्हता, दोराच्या भरवशावर फेरी चालली होती. एकदम त्या म्हाताऱ्या माशाची आठवण आली. ‘आज त्याची तब्येत बरी नाही.’ साम्पो, मी केबिनमध्ये एकटी इतकी हसले की मागच्या ट्रकवाल्याने खाली उतरून विचारलं, काय झालं. त्या वेळी मी त्याला थाप समजले, कारण रडणारी पोर समोर होती आणि तिची आई माझ्यावर डोळे वटारत होती. ती थाप नव्हती रे. नऊ वर्षांचा होतास. काय प्यायला होतास? दूध.

आणि गप्प म्हणशील, तर मी तरी तुला बोलायला कुठे वाव देत होते? एस्को म्हणतो, राइलीच्या फेरीवर प्रवासी काठावर पोचतात ते कानांवर हात ठेवून.

तेल्लेर्वोबाई म्हणतात ते बरोबर असेल. राहिलेले धडे असतील. पण शाळा सोडलेली माणसं मोठेपणी परीक्षा देतातच की.

आत्या


हार्मासारी
५ एप्रिल २००९

साम्पो,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे पोरगा कामात आहे, बरा चाललाय, असं मी धरते. एस्कोही म्हणाला, तुझ्या आठवड्याच्या फोनवर आवाज छान होता, आईशी थट्टा केलीस म्हणे.

बर्फ सुटायला लागलाय. काल काठाशी पाणी काळं दिसलं आणि त्यावर बदकांची एक जोडी उतरली. ईस्टरला सुट्टी मिळत असेल तर ये. राय धान्याची काळी खीर करून ठेवते. तुला आवडायची नाही, पण त्यावरची साय आवडायची.

यूसोलाही आण. मोजे घालून ये म्हणावं.

आत्या


कोइवुपेल्तो
२२ एप्रिल २००९

आत्या,

तुझं पत्र इथे आलं तेव्हा मी इथे नव्हतो.

आवाज छान होता, कारण मी पळून जायचं ठरवलं होतं. ठरवलं की अंग हलकं होतं. तुझं मार्चमधलं पत्र वाचून मी काय समजलो माहीत आहे? समजलो की विनोद माझाच आहे, तर मग इथे मेंढ्यांत कशाला बसायचं? जाऊन दाखवू या, कोरड्या गळ्याने. यूसोला मीच म्हणालो, ‘चल, ईस्टर ओउलूत करू.’ तो आधी नको म्हणत होता. आम्ही गुरुवारी दुपारच्या बसने निघालो.

शुक्रवारी जुन्या मित्रांकडे गेलो. दार उघडताच ओरडाआरडा, ‘साम्पो आला!’ मला मध्ये खुर्ची दिली. सगळे माझ्याकडे तोंड करून बसले. मी पाद्रीबुवा काढले. कोणी हसलं नाही. मी अध्यक्ष काढले. एकाने फोन बघितला. मग कोणीतरी माझ्या हातात ग्लास दिला, ‘अरे, आधी इंजिनात तेल तर घाल.’ मी घेतला. ग्लास ओठाला लावला, आत्या, अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि सगळे हसायला लागले.

तेव्हा कळलं. ते कधीच माझ्या बोलण्याला हसत नव्हते. हसायचं ठरवून बसलेले असायचे.

कळलं म्हणून थांबलो असं नाही. पुढचे दोन दिवस प्यायलो. सोमवारी एका जिन्यावर जाग आली. वरून उतरणाऱ्या बाईंनी माझ्या बाजूने आपल्या लहान पोराला काढलं, त्याचा चेहरा हाताने दुसरीकडे वळवला. तिथून सरळ बस स्टँडवर गेलो.

तेल्लेर्वोबाई दारात होत्या. मी भाषण तयार केलं होतं. त्या म्हणाल्या, ‘बूट काढ, फरशी ओली आहे. वाटाण्याचं सूप आहे.’ मग आठवडाभर खोलीच्या बाहेर एकट्याने जायचं नाही, एवढी शिक्षा.

यूसो परत आला नाही. त्याला तिथे कोणीतरी भेटलं, ज्याच्याकडे गोळ्या आहेत. मला आठवड्यातून एकदा इथला फोन वापरता येतो. त्याला लावतो. ‘ये’ म्हणतो. तो म्हणतो, ‘येतो रे, मेंढीला माझा नमस्कार सांग.’

साम्पो


हार्मासारी
२८ एप्रिल २००९

साम्पो,

तू परत गेलास. मी हेच वाक्य धरून बसले आहे.

साय मी खाल्ली. खीर युहान्नुसला पुन्हा करणार नाही, ती ईस्टरचीच. पण बटाटे असतील.

यूसोला फोन करत राहा. शब्द संपले तरी लावत राहा.

आत्या


कोइवुपेल्तो
२ जून २००९

आत्या,

यूसो गेला.

गेल्या आठवड्यात, त्या मित्राच्या खोलीवर. झोपेतच, असं म्हणतात. मुद्दाम नव्हतं, हेही म्हणतात. तेल्लेर्वोबाईंनी आम्हाला गोल बसवून सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही, पण बोलून झाल्यावर त्या उठून मेंढ्यांकडे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

काल त्याच्या आईचा फोन आला. मेरवी तिचं नाव. तिने तेल्लेर्वोबाईंना विचारलं, त्याच्या खोलीत राहायचा तो मुलगा आहे का? मला फोन दिला. ती म्हणाली, ‘तेरा तारखेला अंत्यविधी आहे. तू येशील का? त्याच्या बाजूने यायला कोणी नाही. त्याचे जुने मित्र मला नको आहेत.’

मी ‘बघतो’ म्हणालो. आत्या, असं कोणी आईला म्हणतं का, ‘बघतो’?

त्याला बसमध्ये मी बसवलं. तो नको म्हणत होता. आता मी त्या चर्चमध्ये जाऊन त्याच्या आईचा हात हातात घेऊ? आणि नंतरच्या कॉफीला सगळे विचारणार, तू कोण? मी आयुष्यात एकाही अनोळखी खोलीत कोरड्या तोंडाने शिरलेलो नाही. आधी घोट घ्यायचा, मग दार ढकलायचं. मला दुसरी रीत माहीत नाही. तिथे शिरायला मला एक घोट लागेल, आणि एक घेतला की काय होतं ते मला माहीत आहे.

नाही गेलो तर बरं, असं वाटतं. तू काय म्हणतेस?

साम्पो


हार्मासारी
५ जून २००९

साम्पो बाळा,

जा.

दोष तुझा नाही, असं मी लिहिणार नाही. मी त्या बसमध्ये नव्हते, आणि माफ करायचं तर ते माझ्या हातात नाही. जिच्या हातात आहे तिने तुला बोलावलं आहे.

अनोळखी खोलीत शिरायची रीत विचारतोस. मला एकच येते. दारात हात पुसायचे, आत जायचं, जो पहिला दिसेल त्याला आपलं नाव सांगायचं. पुढे काय करायचं ते मलाही कधी कळलेलं नाही, मी तर नुसती बोलत सुटते.

मी येऊ का? इतक्या वर्षांत फेरी मी उन्हाळ्यात कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही, पण हेन्रिक आता परवाना असलेला माणूस आहे. त्याला मी विचारूनही ठेवलंय. तू ‘हो’ म्हणालास तर वान्ताच्या स्टेशनवर उभी राहते. आत तुझ्याबरोबर येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. एकटं जायचं असेल तर तसं कळव, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

आत्या


कोइवुपेल्तो
१५ जून २००९

आत्या,

स्टेशनवर तू काळा कोट घालून, खांद्यावर फेरीची पिवळी पिशवी घेऊन उभी होतीस. लांबूनच बघितलं आणि गाडीतून उतरायच्या आधी रडून घेतलं. तुला बाकावर सोडून आत गेलो, आणि बाहेर आल्यावर माझ्याने काही बोलवलं नाही. तूही, नवल म्हणजे, काही विचारलं नाहीस. म्हणून लिहितोय.

चर्चमध्ये फार माणसं नव्हती. पांढरी शवपेटी, त्यावर लिलीची पांढरी फुलं. पाद्री तरुण होता. त्याने यूसोला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तो देवाबद्दल बोलला.

मग शेजारच्या दालनात कॉफी. दारात मी तुझ्या सांगण्याप्रमाणे हात पुसले. ते खरंच ओले होते. पहिल्या माणसाला म्हणालो, ‘मी साम्पो.’ तो त्याचा मामा निघाला. तो म्हणाला, ‘कॉफी तिकडे आहे.’ एवढंच झालं. मी कप घेऊन एका टेबलाशी बसलो.

मेरवी आली आणि माझ्यासमोर बसली. लहानखुरी बाई आहे, यूसोसारखेच कान. मी तिला काही बोलू दिलं नाही. म्हणालो, ‘त्याला बसमध्ये मी नेलं. तो येत नव्हता, मी चल म्हणालो.’

तिने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘माहीत आहे. त्याने सांगितलं होतं. तू परत गेलास हेही सांगितलं, आणि दर आठवड्याला फोन करतोस हेही. म्हणायचा, तो फोन करतो तोवर मला जागा आहे.’ मग तिने कपाशी चाळा केला. ‘मला तुझा राग आला होता. अजून येईल. आज नाही आलेला.’

मी मान हलवली. 

ती म्हणाली, ‘पोलीस, डॉक्टर, सगळे मला त्याचे शेवटचे दिवस सांगतात. मला ते पाठ झालेत. तिकडे तुमच्याकडे तो कसा होता, ते कोणी सांगत नाही.’

आत्या, मी काही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून आलं, ‘तिकडे त्याचं एका मेंढीशी वैर होतं.’

आमच्याकडे एक मेंढी आहे, तिला सगळे मॅडम म्हणतात. फेब्रुवारीतला शनिवार, सौनाचा दिवस. यूसो टॉवेल गुंडाळून, डोक्याला लोकरी टोपी आणि पायात तुझे मोजे घालून बर्फात लोळायला बाहेर आला. मॅडम कुंपणातून निसटून तिथेच उभी होती. तिने टॉवेलचं टोक धरलं आणि चालायला लागली. यूसोने दुसरं टोक धरलं. टॉवेल मॅडमला मिळाला. ती पळाली रस्त्याकडे, यूसो तिच्यामागे, टोपी आणि मोजे घातलेला. आणि त्याच वेळी फाटकात बस थांबली. गावच्या चर्चच्या महिला मंडळाच्या बायका आमच्यासाठी वेलचीचे गोड पाव घेऊन उतरत होत्या. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. यूसोने काय करावं? टोपी काढली, जिथे धरायला हवी तिथे धरली, आणि अगदी अदबीने वाकून म्हणाला, ‘नमस्कार. मी इथे नवीन आहे. आज कोणते कपडे घालायचे ते मला कोणी सांगितलं नाही.’ आणि सर्वांत पुढच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, ‘मुला, पाव गरम आहेत, पण घ्यायला म्हणून टोपी तिथून हलवू नकोस.’

मेरवीच्या तोंडातून कसलासा आवाज आला. मला वाटलं, झालं, मी तिच्या पोराच्या अंत्यविधीला विनोद सांगितला. ती टेबलावर वाकली होती, खांदे हलत होते. मग तिने तोंड वर केलं. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि हसत होती. मीही हसायला लागलो. मामा धावत आला, काय झालं म्हणून.

मी प्यायलो नव्हतो आत्या. मला एक एक शब्द आठवतो. तिचा कप कोणत्या रंगाचा होता तेही.

कोणी हसायचं ठरवून बसलं नव्हतं. त्या दालनात तर न हसायचंच ठरवून सगळे आले होते.

तिने रुमालाने डोळे पुसले आणि खिडकीशी उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला हाक मारली. तिच्यासाठी बाजूची खुर्ची ओढली.

‘इकडे ये, बस,’ ती म्हणाली. ‘हा सांगतोय ते ऐक. आपल्या यूसोचं आहे.’

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली.

तुझा,
साम्पो